मगदूम बाईंचे दोन तारे

मगदूम बाईंच्या खेळाला मी पाच तारे दिले, तेव्हा तो खेळ मी एकदाही खेळलो नव्हतो. फोनवर उतरवून घेतला होता, उघडूनही बघितला होता. पहिल्याच पानावर एक मेंढी उभी होती आणि तिच्या पायाशी लिहिलं होतं, 'खेळण्यापूर्वी नियम वाचा.' नियमांची भाषा मीच तपासून दिली होती, त्यामुळे वाचायचा प्रश्न नव्हता. मी पाचही ताऱ्यांवर बोट फिरवलं, खाली लिहिलं, 'अप्रतिम! प्रत्येकाने खेळावा असा खेळ,' आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात चहा प्यालो.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"देसाई सर, अप्रतिम म्हणजे काय?"

"म्हणजे... छान झालाय, बाई."

"किती डाव खेळलात?"

आयुष्यभर मराठी शिकवलेला मी नुसता खाकरलो.

"तेच म्हटलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आवाज चढला नव्हता, उलट फार शांत झाला होता. पेपरात चूक सापडली की तो असाच शांत व्हायचा. आमच्या शाळेतली मुलं छडीला घाबरत नसत इतकी त्या शांतपणाला घाबरत.

बाईंचं नाव सुनंदा मगदूम. सांगलीच्या एका शाळेत आम्ही बरीच वर्षं बरोबर काढली. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. बुटक्या, गोऱ्या, कायम फिकट रंगाची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गुडघे दुखतात म्हणून एकदा घातले आणि गुडघे बरे झाल्यावरही काढले नाहीत. घरी एकट्याच असत. धर्माने जैन, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवण. हा नेम इतका कडक, की एकदा शिक्षकांची सभा लांबली, मुख्याध्यापक 'शाळेचे भवितव्य' या विषयावर आले, तेवढ्यात बाईंनी खिडकीतून आकाश बघितलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "भवितव्याचं उद्या बघू. ऊन गेलं." आणि गेल्या. त्यानंतर आमच्या शाळेतली एकही सभा पाचच्या पुढे गेली नाही. यासाठी सगळा स्टाफ त्यांचा मनातून ऋणी होता.

वर्गात त्यांचं एकच पालुपद असे, "पायऱ्या कुठायत?" उत्तर बरोबर असून पायऱ्या लिहिलेल्या नसल्या तर अर्धे मार्क गेले. "उत्तर काय, शेजाऱ्याकडूनही येतं. पायऱ्या स्वतःच्या लागतात." शंभरपैकी शंभर त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. पण एकदा उलटंच घडलं. निकालपत्र लागून गेलं होतं, आणि बाईंच्या लक्षात आलं की बेरजेत चूक होऊन आठवीतल्या एका मुलीला एक मार्क जास्त गेलाय. संध्याकाळी बाई पेपर घेऊन तिच्या घरी हजर. मुलगी पहिली आली म्हणून घरात जिलबी वाटायचं चाललं होतं. बाईंनी तिला बाजूला घेऊन बेरीज दाखवली. म्हणाल्या, "एक मार्क माझा आहे, परत न्यायला आलेय." एक मार्क गेल्यावरही मुलगी पहिलीच राहिली. बाईंनी मग जिलबी खाल्ली. ऊन होतं अजून.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, बाई संगणकाच्या क्लासला गेल्या. वीस वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या बाकावर बसून त्या प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. शिकवणारा पोरगा त्यांच्याच हाताखालून गेलेला. तो मला म्हणाला होता, "सर, मी शिकवताना बाई माझ्याकडं बघतात ना, तवा मला वाटतंय मीच परीक्षेला बसलोय."

शिकून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट करायला घेतली, वाघ-मेंढीचा खेळ. लहानपणी कृष्णेच्या घाटावर एका फरशीत कोरलेल्या पटावर त्या हा खेळ खेळल्या होत्या. डोंगरासारखा तिकोनी पट, त्यावर आडव्या रेषा. तीन वाघ, पंधरा मेंढ्या. मेंढीच्या पलीकडचं घर मोकळं असेल तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. मेंढ्यांनी वाघांना असं घेरायचं की एकाही वाघाला हलता येऊ नये. एवढाच खेळ. बाईंनी दीड वर्षं खपून तो फोनवर आणला. समोरच्या बाजूनं फोन स्वतः खेळायचा. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. मेंढ्यांची चित्रंसुद्धा बाईंनी स्वतः काढली होती. प्रत्येक मेंढीचं तोंड वेगळं होतं.

खेळ लोकांपुढे गेला आणि बाईंच्या आयुष्यात तारे आले.

पेपर तपासणाऱ्या बाई आता पहिल्यांदाच स्वतः तपासल्या जात होत्या आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं. आलेलं प्रत्येक मत त्या वाचायच्या आणि प्रत्येकाला खाली उत्तर लिहायच्या, पेपराच्या समासात लिहावं तसं. एकानं एक तारा देऊन लिहिलं, 'फोन गरम होतो.' बाईंचं उत्तर, 'कोणता फोन? किती वेळानंतर?' दुसऱ्यानं लिहिलं, 'बोअर.' उत्तर, 'स्पष्टीकरण अपुरे.' एका काकूंनी एक तारा देऊन तक्रार केली की त्यांनी मागवलेला मिक्सर अजून आलेला नाही. बाईंनी लिहिलं, 'हा खेळ आहे. तरीही मिक्सर लवकर येवो.'

आणि एक मत तर त्यांनी मला घरी बोलावून दाखवलं. एक तारा होता. खाली लिहिलं होतं, 'एक नंबर खेळ!! एकच नंबर!!'

"यानं एक नंबर दिलाय," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "शब्दाला जागला. याला मी काय उत्तर देऊ?"

"आभार माना."

"मानले. पण सरासरी घसरली." आणि मग त्यांना असं हसू लोटलं की चष्मा काढून पुसायला लागला.

हे सगळं ठीक चाललं होतं. बिघडवलं आम्ही, त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी.

अमोल नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी. सांगलीत त्याचं मोबाईलचं दुकान आहे. गोड माणूस, अतिउत्साही. त्याच्या नजरेला पडलं की बाईंच्या खेळाला तीनच्या खाली सरासरी आहे. त्याचं रक्त उसळलं. त्यानं माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'बाईंनी आपल्याला घडवलं. आज आपली वेळ. सगळ्यांनी पाच तारे!' पुण्यापासून दुबईपर्यंतच्या पोरांनी एका दुपारात ताऱ्यांचा पाऊस पाडला. त्यात माझेही पाच होते.

आठवड्याभरात, ज्या कंपनीच्या दुकानातून लोक हा खेळ उतरवून घ्यायचे, तिचं बाईंना पत्र आलं. इंग्रजीत होतं. मतलब असा, की आपल्या खेळाला मिळालेली मतं बनावट असल्याचा आम्हाला संशय आहे. हा प्रकार थांबला नाही तर आपला खेळ काढून टाकण्यात येईल.

मी गेलो तेव्हा बाई खुर्चीत बसून होत्या. समोर पत्राचा छापलेला कागद. बूट घातलेले, म्हणजे कुठेतरी जायला निघाल्या होत्या आणि गेल्या नव्हत्या.

"सर, मी परीक्षेच्या हॉलमध्ये कधी खुर्चीवर बसले नाही," त्या म्हणाल्या. "तीन तास उभी राहायचे. कुणी कॉपी करू नये म्हणून. आणि हे मला विचारतात, तुम्ही कॉपी केलीत का?"

"बाई, ते पत्र माणसानं लिहिलेलं नसतं. यंत्र लिहितं."

"यंत्राचं काय चुकलं? मी त्या यंत्राच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. एका दुपारी दीडशे पोरांचं उत्तर एकच आणि पायऱ्या कुणाच्याच नाहीत." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "त्यात तुम्हीसुद्धा, सर."



दुसऱ्या दिवशी त्यांनी अमोलला बोलावून घेतलं. मीही होतो. अमोल दारातच पाया पडला. पत्र वाचून त्याचा चेहरा उतरला.

"अमोल, तू किती तारे दिलेस?"

"पाच, बाई."

"किती फोनवरून?"

अमोल पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. "दुकानात जेवढे होते तेवढ्यांवरनं. अकरा."

"म्हणजे एकट्यानं अकरा जणांच्या सह्या केल्यास."

"बाई, प्रेमापोटी केलं हो."

"नववीत कॉपी करताना सापडला होतास तू."

"एकदाच, बाई."

"दोनदा. दुसऱ्यांदा मी बोलले नव्हते. वाटलं होतं, सुधारशील."

अमोल चाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. त्याचे डोळे भरून आले. बाईंनी उठून त्याला लाडू दिला आणि म्हणाल्या, "प्रेम असेल तर घरी येत जा, चहा देईन. तारे खेळाला द्यायचे. आता फोन काढ आणि मी सांगते ते ग्रुपवर लिही."

त्यांनी सांगितलेला मजकूर मला आजही पाठ आहे. 'सर्वांनी आपापले तारे काढून घ्यावेत. ज्यांना पुन्हा द्यायचे असतील त्यांनी आधी किमान दहा डाव खेळावेत. कारण लिहावे. कारणाशिवाय दिलेले तारे मला मिळाले असे मी समजणार नाही. सु. मगदूम.'

मग दुबईहून कुणीतरी विचारलं, 'बाई, दहा डाव कधीपर्यंत?' आणि बाईंनी अमोलकरवी कळवलं, 'शनिवार.'

आठवड्यात तारे उतरले. मी दहा डाव खेळलो, नऊ हरलो आणि तीन तारे देऊन लिहिलं, 'उन्हात पटाच्या रेषा दिसत नाहीत.' खाली बाईंचं उत्तर आलं, 'कारण योग्य. दुरुस्ती केली आहे.' ते वाचून मला जो आनंद झाला तसा आदर्श शिक्षकाचं प्रशस्तिपत्र मिळाल्यावरही झाला नव्हता.

पण या सगळ्या धांदलीत बाईंचं लक्ष एका वेगळ्याच मतावर लागलेलं होतं. ते महिन्याभरापूर्वीच आलेलं होतं. दोन तारे. 'शेवटाला टोकावरचा वाघ एका उडीत दोन मेंढ्या खातोय. असं कुठं असतंय का. माळाप्पा, जत.' अमोलनं तर ते वाचून 'बाई, हा कोण मुद्दाम लिहितोय, याची तक्रार करू' असं सुचवलं होतं.

"अरे, तक्रार कसली करतोस? एवढ्या लोकांत हा एकटा माणूस डाव शेवटपर्यंत खेळलाय!" बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतः शंभरदा तपासून बघितलं. वाघ काही दोन मेंढ्या खाईना. शेवटी त्यांनी त्या मताखाली लिहिलं, 'कृपया दाखवता का?' आणि माळाप्पानं त्याच जागी मत बदलून लिहिलं, 'जतला या. यष्टी स्टँडच्या चहावाल्याला इचारा, त्यो मला फोन लावंल.'

"सर, बुधवारी मोकळे आहात?" बाईंनी विचारलं.

सकाळची एसटी धरून आम्ही निघालो. मिरज गेलं, द्राक्षाच्या बागा गेल्या, हळूहळू झाडं विरळ झाली आणि बाभळी, कुसळं आणि लांबच लांब शाळूची रानं सुरू झाली. रस्त्यानं पाण्याचे टँकर समोरून येत होते. बाई खिडकीशी बसून गुडघ्यावरच्या वहीत पट काढत होत्या. "टोकावरचा वाघ," असं मधूनच पुटपुटत होत्या. शेजारच्या सीटवरचा माणूस जरा सरकूनच बसला.

चहावाल्यानं फोन लावला आणि अर्ध्या तासात माळाप्पा वडापच्या, माणसं कोंबून भरलेल्या जीपमधून उतरला. पन्नाशी-पंचावन्नचा, उंच, वाळका, डोक्याला टॉवेल, खांद्यावर घोंगडं. बाईंकडं त्यानं खालपासून वरपर्यंत बघितलं. नजर बुटांवर थांबली.

"ख्येळ तुमी केलाय व्हय?"

"हो. आणि दोन तारे तुम्ही दिलेत?"

"मी सांगितलं, सूनबाईनं दाबलं. मला लिवाया येत न्हाई." मग जरा घाबरून, "रागावला न्हाईसा न्हवं?"

"रागावले असते तर पत्र लिहिलं असतं. एवढ्या लांब आले नसते."

वस्तीवर त्याच्या सुनेनं "बर्री, कुंद्री," म्हणून सतरंजी टाकली. तिचं माहेर कर्नाटकात, 'या, बसा' असं ती म्हणत होती. घर दोन खोल्यांचं, पुढे बाभळीखाली मेंढ्यांचं वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि त्याच्या कडेला एक सपाट दगड. त्या दगडावर पट कोरलेला होता. बाई दगडापाशी गेल्या आणि वाकून त्यांनी रेषांवरून बोट फिरवलं.

"आमच्याकडं हुलि-कुरि म्हणत्यात ह्याला," माळाप्पा म्हणाला. "हुलि म्हंजी वाघ, कुरि म्हंजी मेंढी. बा खेळायचा, आजा खेळायचा. मेंढरं बसली की दुसरं काय करायचं?"

मग त्यानं सुनेचा फोन घेतला आणि खेळायला लागला. त्याचं ते खेळणं बघण्यासारखं होतं. मेंढी ठेवायच्या आधी तो बोट हवेत धरून थांबायचा, जसं काही ती मेंढी खरीच कुठं जाणार आहे. पंधरा मेंढ्या उतरल्या. एकही मेली नव्हती. दोन वाघ कोंडले गेले होते. तिसरा डोंगराच्या टोकावर, त्याच्या खाली एकामागे एक दोन मेंढ्या.

"आता बघा," माळाप्पा म्हणाला आणि कडेची एक मेंढी हलवली.

टोकावरच्या वाघानं उडी मारली. दोन्ही मेंढ्या नाहीशा झाल्या.

"आवं बाई, दोन मेंढ्या पाठीला पाठ लावून हुब्या असल्या की वाघ न्हाई येत. ह्योच तर समदा ख्येळ हाय. तुमचा वाघ लय माजलाय."

"बरोबर आहे!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "टोकावरची रेष! तिथलं एक घर मी मोजलंच नाही. सर, बघितलंत? मी वाघ कधी कोंडलाच नव्हता एवढा, मग मला कसं दिसणार!" आणि दगडाच्या कडेला बसून त्यांनी वहीत लाल पेनानं स्वतःच्याच आकृतीवर मोठी फुली मारली. चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांना काहीतरी आठवलं. "माळाप्पा, एवढी मोठी चूक असून दोन तारे का दिलेत? एक द्यायला हवा होता."

माळाप्पानं टॉवेल सारखा केला. "एक चित्राला. मेंढरं मेंढरावाणी काढल्यात, येकाचं तोंड दुसऱ्यावाणी न्हाई. लोकास्नी समदी येकच वाटत्यात."

"आणि दुसरा?"

तो सुनेकडं बघायला लागला. सून आत पळाली.

"आता काय सांगू. सूनबाई म्हणली, कुणीतरी म्हातारं माणूस दिसतंय, सगळ्यास्नी उत्तरं लिवत बसतंय. असू द्या एक."

"म्हणजे ग्रेसचा!" बाई ताडकन म्हणाल्या. "ग्रेसचा मार्क मी कुणाला दिला नाही, आणि घेणारही नाही. तो काढा."

"र्‍हाऊ द्या की वो..."

"काढा."

सुनेला बाहेर बोलावून तो तारा तिथल्या तिथं काढायला लावला. माळाप्पाला फार वाईट वाटलं. ते घालवायला तो म्हणाला, "मग बसा, येक डाव हून जाऊ द्या." वाघांना गारगोट्या, मेंढ्यांना चिंचोके. बाईंनी वाघ घेतले.

एक डाव झाला, दोन झाले, चार झाले. बाई चारही हरल्या. माळाप्पाचे चिंचोके एकमेकांना बिलगून असे पुढे सरकायचे की वाघांना बोट ठेवायला जागा मिळू नये. मी बघत होतो, ऊन उतरत चाललं होतं, सुनेनं भाकरी-दही आणून ठेवलं होतं, आणि बाई मान वर करत नव्हत्या. शेवटी मला म्हणावं लागलं, "बाई, ऊन जाईल. जेवून घ्या." इतक्या वर्षांत हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी दचकून आकाश बघितलं, पटापट भाकरी दह्यात कुस्करली आणि डाव्या हातानं पाचव्या डावाच्या गारगोट्या मांडायला घेतल्या.

महिन्याभरात बाईंनी वाघ दुरुस्त केला. माळाप्पाला फोन केला. त्यानं पंधरा दिवस घेतले, नीट खेळून पाहिलं आणि सुनेकडून तीन तारे दाबून घेतले. खाली लिहिलं, 'वाघ सुदारला. फोन मेंढरं खेळवतोय तवा मेंढरं लय भित्री हायत. माळाप्पा.' बाईंनी ते कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवला आणि भित्र्या मेंढ्यांवर काम सुरू केलं. कंपनीचं पत्र पुन्हा आलं नाही. सरासरी तीनच्या आसपास लटकत राहिली. अमोलला ते अजून खुपतं, पण दहा डाव खेळल्याशिवाय तो ग्रुपवर एक शब्द काढत नाही.

गेल्या वर्षी बाई साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. एका लग्नाच्या निमित्तानं मी साताऱ्यात होतो, तर दुपारी त्यांच्याकडे गेलो. घराला कुलूप नव्हतं आणि घरात कोणी नव्हतं. खालच्या व्हरांड्यातून आवाज आला. जाऊन बघतो तर फरशीवर खडूनं पट काढलेला, आणि बाई खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंबरोबर मांडी घालून बसलेल्या. शिंदेकाकूंकडे शर्टाची पंधरा बटणं, बाईंकडे बाटल्यांची तीन बुचं.

"बाई," मी म्हटलं.

"थांबा सर, बोलू नका," त्या मान वर न करता म्हणाल्या.

शिंदेकाकूंनी एक बटण पुढं सरकवलं. "आता कुठं जाशीला वो बाई?"

बाईंनी तिन्ही बुचांवर आळीपाळीनं बोट ठेवून बघितलं. एकाला हलायला जागा नव्हती, दुसऱ्याला नव्हती, तिसऱ्यालाही नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितलं. मग दोन्ही हात जोडून शिंदेकाकूंना नमस्कार केला आणि पोट धरून हसायला लागल्या.

मी पायरीवर बसलो. बाईंनी हसता हसता फरशीवरची सगळी बटणं आपल्या ओच्यात गोळा केली आणि म्हणाल्या, "चला, आता मेंढ्या माझ्याकडे."